फियाट खोलायच्या आधी: कुर्ल्याहून काय आलं आणि नंतर काय चढलं ते कसं ओळखायचं

गाडी रिस्टोअर करायची ठरली की हात शिवशिवतात ते सगळं खोलून टाकायला, आणि घोळ नेमका तिथेच होतो. आमच्या बाबांची ६८ ची फियाट डिलाइट होती, ती मी ठाण्यातल्याच एका गॅरेजला दिली आणि ऑफिसला गेलो. चार दिवसांनी संध्याकाळी जाऊन बघतो तर गाडी पूर्ण नागडी, आणि "सगळं सडलेलं होतं साहेब, भंगारात दिलं" म्हणून मोकळे. दोन गोणी. त्यात दरवाजांची हँडलं होती, डॅशबोर्डवरचं मीटर होतं, मोल्डिंगच्या क्लिपा, कटआउटचा (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा) डबा, सगळं. बदल्यात लावलं ते ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीचं सामान. फिट बसतं, पण ती गाडी मग ६८ ची राहत नाही. ते सामान परत गोळा करायला मला तीन वर्षं कुर्ल्याच्या कमानीपासून ऑपेरा हाऊसपर्यंत फिरावं लागलं आणि सगळं मिळालं नाहीच. म्हणून आता मामांची ७० ची डिलाइट हातात घेतली तेव्हा ठरवलं की पहिला महिना पाना हातात घ्यायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. त्या महिन्यात जे शिकलो ते सांगतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या फियाटसाठी ओरिजिनल म्हणजे इटलीतलं ओरिजिनल नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला, आणि आपल्या गाड्या तिथून बाहेर पडल्या. मूळ ११००/१०३ हे मॉडेल इटलीत १९५३ ला आलं, आपल्याकडे आधी डुक्कर फियाट, मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ पासून डिलाइट. ७२ ला त्याच गाडीचं नाव प्रेसिडेंट झालं आणि ७४ पासून पद्मिनी, जी पार २००० सालापर्यंत निघत होती. म्हणजे ढाचा एकच पण साडेतीन दशकं, आणि एवढ्या काळात टायर, बॅटरी, इलेक्ट्रिकल, रेक्झिन, कार्ब्युरेटर असं एकेक सामान इथल्या कंपन्यांचं लागत गेलं. लोक नेटवरून इटालियन गाडीचे फोटो डाउनलोड करतात आणि त्याप्रमाणे बटणं आणि बॅज मागवतात, पैसेही भरपूर जातात, आणि शेवटी गाडी ना तिकडची ना इकडची. तुमची गाडी कुर्ल्याच्या गेटमधून ज्या दिवशी बाहेर आली त्या दिवशी तिच्यावर काय होतं, एवढाच प्रश्न आहे.

आणि त्यातही मॉडेल बदललं म्हणजे एका दिवसात सगळं बदललं असं होत नव्हतं. कळव्याला एक काका राहतात, त्या कारखान्यात लाइनवर होते, ते सांगतात की जुना स्टॉक शिल्लक असेल तर तो संपेपर्यंत लावला जायचा. म्हणून पुस्तकात "या सालापासून हे" असं लिहिलेलं दिसलं तरी तुमच्या गाडीवर आधीचा पार्ट असू शकतो आणि तोही ओरिजिनलच. लगेच काढून फेकू नका.

माझ्या वहीत मी प्रत्येक पार्टसमोर तीनपैकी एक अक्षर लिहितो. क म्हणजे कारखान्यातून आलेलं, श म्हणजे शोरूममध्ये डिलिव्हरीच्या वेळी बसवलेलं, म म्हणजे मालकाने नंतर लावलेलं. मधलं श फार महत्त्वाचं आहे कारण त्या काळी रेडिओ, सीट कव्हर, मडफ्लॅप, कॅरिअर असलं बरंच डीलरकडेच बसायचं, ते पन्नास वर्षं जुनं असतं आणि जुनं दिसतं म्हणून आपण त्याला कारखान्याचं समजतो. वही म्हणजे साधी शंभर पानी, आणि खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह, अंदाजाने अक्षर टाकायचं नाही.

आता सुरुवात गाडीपासून नाही, घरापासून करा. कपाटातले अल्बम काढा. आपल्याकडे गाडीचे जेवढे फोटो निघतात तेवढे कुणाकडे निघत नसतील, कारण दर दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि फोटो काढायचा. मामींकडे ७१ पासूनचे दसऱ्याचे नऊ फोटो निघाले, मागे पेनाने साल लिहिलेलं, म्हणजे घरबसल्या तारखेसकट पुरावा. ७१ च्या फोटोत डाव्या मडगार्डवर आरसा नाहीये, ७४ च्या फोटोत आहे. झालं, आरसा म. व्हीलकप पहिल्या चार फोटोंत सारखे आहेत, ७९ ला एक वेगळा आलाय. लग्नाचे फोटोही बघा, नवरानवरी गाडीत बसताना दार उघडं असतं आणि त्यात दाराचं आतलं पॅनल, सीटचा रंग, हँडल असं सगळं दिसतं. फोटो कृष्णधवल असला तरी फिकट-गडद कळतं. अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेले असतात, फाटतात, आहे तसाच मोबाइलवर उजेडात काढा आणि झूम करून बघा.

मग कागद. जुनं आरसी बुक असेल तर सोन्यासारखं जपा, त्यात बनल्याचा महिना-साल, इंजिन नंबर, चेसिस नंबर, बऱ्याचदा रंगही असतो आणि मालक बदलल्याच्या नोंदी ओळीने असतात. स्मार्ट कार्ड आलं तेव्हा खूप जणांनी जुनं पुस्तक टाकून दिलं, तसं झालं असेल तर आधीच्या मालकाच्या घरी विचारा, विम्याच्या पावत्या, सर्व्हिसची बिलं, काहीही चालेल. मामांच्या फाइलमध्ये ७८ चं एक बिल निघालं, त्यात "डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला" असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं. पार्ट्स कॅटलॉग मिळाला तर बघाच, त्यातल्या चित्रात कुठला पार्ट कुठल्या चेसिस नंबरपासून बदलला ते कधीकधी दिलेलं असतं.

इंजिन आणि चेसिस नंबर तपासताना घाई नको. कंपनीची प्लेट आणि पंच केलेला नंबर यांच्यावर रंग आणि ग्रीस चढलेलं असतं, ते रॉकेल आणि मऊ ब्रशने सोडवा, ग्राइंडर किंवा वायरव्हील अजिबात लावायचं नाही, नंबरची कड गेली तर आरटीओत उभं राहायची पंचाईत. साफ झाल्यावर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओला देतो तशी छाप निघते, आणि ती छाप फोटोपेक्षा जास्त बोलते, कारण एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा वाकडा असेल तर लगेच कळतं. आजूबाजूला घासल्याच्या रेघा दिसल्या तर थांबा आणि आधी कागदांचा सोक्षमोक्ष लावा. प्लेटचे रिवेट काढू नका, रंगासाठीसुद्धा नाही, वर मास्किंग टेप मारून घ्या.

रंगाबद्दल लोक सगळ्यात जास्त फसतात. वरचा रंग बघून काही ठरवायचं नाही. जिथे पेंटरचा पिस्तूलवाला हात पोचत नाही तिथे बघा, डॅशबोर्डच्या खाली आतल्या बाजूला, दाराच्या हार्डबोर्डच्या पॅनलमागे, पुढच्या काचेच्या रबराखाली, टेललॅम्प काढल्यावर त्याच्या मागे, डिकीत स्टेपनीच्या आड. मामांची गाडी बाहेरून पांढरी, सगळे म्हणायचे पहिल्यापासून पांढरीच. टेललॅम्पची काच उतरवली तर गॅस्केटच्या आत रुपयाएवढा गोल फिकट निळसर-करडा रंग, आणि त्याची चमक अजून तशीच.

खात्री करायला एक गोल काढून बघा. न दिसणारी जागा निवडा, ८०० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, आणि बोटाने हळूहळू एकाच जागी गोल फिरवत राहा, मग १५००, मग २०००. थर एकामागे एक उघडत जातात आणि कापलेल्या कांद्यासारख्या कड्या दिसतात. आमच्या गाडीत बाहेरून आत पांढरा, मग करडी पुट्टी, मग एक क्रीम रंग ज्याबद्दल घरात कुणालाच आठवत नव्हतं, मग परत पातळ पुट्टी, मग तो निळसर, त्याखाली लालसर प्रायमर आणि पत्रा. पत्र्याला लागून प्रायमर आणि त्याला लागून रंग, मध्ये पुट्टी नाही, तो कारखान्याचा रंग. रंगाच्या मध्ये पुट्टी आली की वरचं सगळं नंतरचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा, पाणी वापरा. फोटो घेताना शेजारी पांढरा कागद ठेवा आणि सावलीतल्या दिवसाच्या उजेडात घ्या, ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवरून रंग जुळवला तर हमखास चुकतो. पेंटच्या दुकानात फोटो नाही, तो पार्टच घेऊन जा.

आता भोकं. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण भोकं खोटं बोलत नाहीत. कारखान्यात पत्र्याला भोक प्रेसवर पडतं आणि रंग नंतर लागतो, त्यामुळे भोकाच्या आतल्या कडेलाही प्रायमर आणि रंग असतो, कड सफाईदार असते, आणि जोडीचं भोक दुसऱ्या बाजूला बरोबर तेवढ्याच अंतरावर असतं. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड उघडी असते, तिथूनच गंज सुरू झालेला असतो, मागे हात फिरवला तर बोटाला बर, म्हणजे पत्र्याची उरलेली खरखरीत कड, लागते, आणि अंतर कधी सरळ नसतं. टॉर्च आणि भिंग घेऊन बसा, गाडीतलं प्रत्येक भोक तपासा. मामांच्या डॅशबोर्डखाली मला चार भोकं मिळाली. दोन रंगीत कडांची, दोन उघड्या कडांची. उघडी दोन रेडिओच्या पट्टीची, म्हणजे रेडिओ शोरूमचा किंवा मामांचा. बोनेटखाली आतल्या पत्र्यावर दोन रंगीत कडांची भोकं रिकामी, आणि त्यांच्याभोवती चौकोनी डाग, जिथे रंग जरा कमी उडालाय. तिथे कटआउटचा डबा बसायचा. आल्टरनेटरच्या बिलाशी हे जुळलं तेव्हा मामा आणि मी दोघंही पाच मिनिटं त्या डागाकडे नुसते बघत उभे होतो.

डागांचंही तसंच. बॅज, मोल्डिंग, आरसा काढल्यावर खाली सावली राहते. सावलीच्या आत जुना चकचकीत रंग असेल तर तो पार्ट पहिल्यापासूनचा, आत-बाहेर सारखाच फिका रंग असेल तर नंतर आलेला. मोल्डिंग ओढून काढायचं नाही, मागून क्लिपा सोडवायच्या, क्लिपा तुटल्या की तशाच मिळत नाहीत.

नटबोल्ट भंगारात जाणारी पहिली गोष्ट असते आणि तीच सगळ्यात जास्त सांगते. डोक्यावर काय कोरलंय ते वाचा. टीव्हीएसची खूण असलेला बोल्ट सुंदरम फास्टनर्सचा, ती कंपनी १९६६ ला सुरू झाली, म्हणजे ६० च्या सिलेक्टवर तो दिसला तर कुणीतरी बदललाय हे नक्की. एकाच ब्रॅकेटचे चार बोल्ट असतील आणि तीन एका खुणेचे, एक वेगळा, तर तिथे कधीतरी काम झालंय. पान्याच्या खुणाही बघा, डोक्याचे कोपरे शाबूत आणि खाली रंग न फुटलेला असेल तर तो बोल्ट कारखान्यानंतर कुणी हलवलेलाच नाही, त्याच्याभोवतीचं सगळं ओरिजिनल धरायला हरकत नाही.

पत्र्याला तसंच. दाराचं रबर थोडं ओढून खालची कड बघा, कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे बारीक गोल खळगे, साधारण सारख्या अंतरावर. तिथे गॅस वेल्डिंगची सलग जाड रेघ किंवा पितळेचा पिवळा डाग दिसला तर पत्रा कापून नवा जोडलाय. पुट्टीसाठी फ्रिजचं चुंबक कापडात गुंडाळून फिरवा, जिथे ढिलं पडतं तिथे पुट्टी जाड. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात बॉटम आणि फ्लोअर बहुतेक कुणाचेच मूळ राहिलेले नसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फक्त लिहून ठेवा.

काचांच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण असते. सगळ्या काचांची सारखी असेल तर छान, एकच वेगळी असेल तर ती फुटून बदललेली. मीटर मैलांचं आहे की किलोमीटरचं तेही बघा, वजन-मापांचा कायदा १९५६ चा, मेट्रिक ५८ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि ६२ पर्यंत सगळीकडे लागू झालं, त्यामुळे डिलाइटमध्ये मैलवालं मीटर बसलेलं दिसलं तर ते दुसऱ्या जुन्या गाडीचं असायची शक्यता जास्त. इलेक्ट्रिकलच्या पार्टवर कधीकधी तारीख पंच केलेली असते, इंग्लंडच्या लुकासच्या डायनॅमोवर आणि डिस्ट्रिब्युटरवर महिना-साल असतं. पार्टची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीची पाहिजे, थोडी जास्त आधीची असली तरी चालेल, नंतरची असेल तर बदललेला. वायरिंग ओढून काढायच्या आधी प्रत्येक जोडणीचा फोटो घ्या. काळ्या टेपने मध्येच जोडलेल्या वायरी शोधा, त्यांचा माग काढला की फॉग लॅम्प, जादा हॉर्न, कॅसेट प्लेअर असं एकेक म सापडत जातं.

आत बसल्यावर गिअर कुठे आहे ते पहिलं. डिलाइटचा गिअर स्टिअरिंगवर आणि पुढे सलग बाकासारखी सीट. फ्लोअर गिअर आणि वेगळ्या बकेट सीट दिसल्या तर ते एकतर पद्मिनीच्या अगदी शेवटच्या एस वन मॉडेलचं सामान किंवा कुणीतरी केलेलं. दरवाजांचंही तसंच, पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या कडेला असलेले, हे सुपर सिलेक्टपर्यंतचे आणि डुक्करचे, पद्मिनीला ते कधीच नव्हते.

सीटचं कव्हर फाडून फेकायला कुशनवाला नेहमी तयार असतो, त्याला थांबवा आणि स्वतः बसा. मामांच्या सीटवर तीन थर होते. वर मखमली, खाली लाल रेक्झिन, आणि त्याच्याखाली सीट उलटी केल्यावर फ्रेमला घट्ट ओढून बांधलेल्या कडेला चार बोटं रुंद हिरवी पट्टी. वरच्या बाजूचं हिरवं रेक्झिन उन्हाने तपकिरी झालेलं, पण दुमडलेल्या पट्टीवर ऊन कधी पडलंच नव्हतं, तिथे हिरवा रंग गडद, दाणा स्पष्ट, आणि पायपिंगची शिलाई बोटाला लागत होती. तो चार इंचाचा तुकडा कापून मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, काथ्याचा आणि स्प्रिंगचा फोटो काढलाय. नवीन रेक्झिन घेताना त्या पिशवीवरून घेणार.

गाडी आधी टॅक्सी होती का हेही एकदा बघा, मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाल्या आणि त्यांचं सामान आता बाजारात भरपूर आहे, खाजगी गाड्यांवरही चढतंय. डाव्या मडगार्डजवळ मीटर लावल्याची भोकं, टपावर कॅरिअरचे डाग, दाराच्या आतल्या कडेला काळा-पिवळा रंग. टॅक्सीचा पार्ट वाईट नसतो, त्यातले बरेच कुर्ल्याचेच असतात, पण तुमच्या गाडीच्या सालाचा आहे का ते तपासूनच लावा.

परदेशी गाडी असेल तर थोडं वेगळं. अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत लक्षात ठेवा की जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून जोडणीचा कारखाना होता आणि डॉज, प्लायमाउथ प्रीमियरनेच कुर्ल्याला जोडल्या, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या, सुटे भाग आणून इथे बांधलेल्या, अमेरिकेतल्या पुस्तकाशी शंभर टक्के जुळणारच नाहीत. मॉरिस, ऑस्टिन, एमजी असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून फॅक्टरीच्या नोंदीचं सर्टिफिकेट मागवता येतं, नंबरवरून रंग वगैरे कळतो.

हे सगळं झाल्यावरच खोलायला घ्या, आणि काढलेला प्रत्येक पार्ट झिपलॉक पिशवीत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, पेनाची शाई ऑइलने पुसली जाते. बोल्ट त्याच्या पार्टबरोबरच. सडलेला पार्टसुद्धा टाकायचा नाही, नमुना म्हणून लागतो, गाडी पूर्ण होऊन रस्त्यावर येईपर्यंत ठेवा. गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की भंगारात काय जाईल ते मी ठरवणार, आणि ते कागदावर लिहून सही घ्या. वागळे इस्टेटमधले आमचे आत्ताचे मिस्त्री याला आनंदाने तयार झाले, जो तयार होत नाही त्याच्याकडे देऊ नका.

काही गोष्टींत मात्र ओरिजिनलचा हट्ट धरू नका. ब्रेकचे होज, पेट्रोलचा पाइप, टायर हे नवे पाहिजेतच, जुना नमुना पिशवीत राहू दे. ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय (जुन्या बांधणीचे टायर) मिळाले नाहीत तर रेडिअल घाला, फक्त मूळ रिम सांभाळा. जुन्या ब्रेकशूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, कंप्रेसरने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि ज्यांची गाडी पन्नास वर्षांवरची आहे त्यांच्यासाठी हे सगळं कागदावरही कामाला येतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले, नव्याने नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. गाडीची आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल नको. ठाण्याच्या आरटीओला (एमएच-०४) जा नाहीतर नवी मुंबईच्या (एमएच-४३), अशी वही आणि फोटो घेऊन गेलात तर बोलणं सोपं जातं.

मामांच्या वहीत आज २१४ ओळी आहेत. त्यातल्या अकरा ओळींपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, हॉर्नची जोडी, मागच्या काचेचं रबर, डिकीचं कुलूप असलं काय काय. कळव्याचे काका पुढच्या रविवारी येऊन बघतो म्हणालेत, तोपर्यंत त्या अकरा जागांवर पिवळी टेप लावून ठेवलीये आणि मिस्त्रींना सांगितलंय की टेप आहे तिथे हात लावायचा नाही.